पो तालुक्याची पीडाएफ

जिथे तीन-चार माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत अक्षरांशी भांडत बसतात, तिथे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ते आपसूक साठतात. मग लग्नाला जा, बारशाला जा, अगदी कुणाच्या दहाव्याला जा, कुणीतरी कोपराने ढोसतंच, "शुभा, तो पो तालुक्याचा सांग ना!" दहाव्याला मी सांगत नाही. तेराव्याला सांगते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. पेणला दामूअण्णांचा छापखाना होता, खिळ्यांचा, पायाने मारायच्या ट्रेडल मशीनचा. अण्णांनी एक दिवस ते सगळं भंगारात काढलं, दोन कम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक एसी आणला, आणि बाहेर 'डीटीपी सेंटर' अशी पाटी लावली. आत यायचं तर चपला बाहेर! देवळाच्या पायरीपर्यंत चपला वाजवत जाणारे आमचे अण्णा कम्प्युटरपुढे मात्र अनवाणी.

मी अष्टमीची, म्हणजे रोह्याच्या पुलापलीकडची. सकाळच्या पॅसेंजरने पेणला यायचं, दिवसभर मराठी टायपिंग करायचं, संध्याकाळी परत. त्याच गाडीला रोह्याचा प्रसन्न असायचा. डिप्लोमा झालेला, कंपनीत शिफ्ट करणारा, आणि शिफ्ट नसेल त्या दिवशी अण्णांसाठी प्रोग्रॅम लिहिणारा. हुशार म्हणजे इतका हुशार, की स्वतःचा डबा उघडायलाही त्याला आठवण करून द्यावी लागायची.

आणि आमचे नारायणदादा. तीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस. खाडीकडच्या गावचे. बाप मिठागरात, भाऊ मिठागरात, हे एकटेच शाईत. खिळे गेले तेव्हा अण्णांनी त्यांना प्रूफं वाचायला बसवलं. एक खुर्ची, एक लाल पेन आणि दोऱ्याने बांधलेला चष्मा, एवढा त्यांचा संसार.

त्या वर्षी मिठागर कामगारांच्या संस्थेला पन्नास वर्षं होत होती. त्यांना पुस्तिका हवी होती. आत सगळ्या सभासदांची गाववार यादी, हजारावर नावं. अण्णांनी ठरवलं, हाताने पानं लावायची नाहीत. प्रसन्नने प्रोग्रॅम लिहायचा, मी नावं टाइप करायची, बटण दाबलं की पानं आपोआप लागून पीडीएफ तयार! मग ती फ्लॉपीवर घालून मी अष्टमीला न्यायची, तिथे अण्णांचे मेव्हणे बापू यांची ऑफसेट प्रेस होती.

एवढ्यावर अण्णा थांबले असते तर ते अण्णा कसले? चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, "ही पुस्तिका बिनचूक निघाली ना, की प्रूफं वाचायची भानगडच संपली. मग नारायण, तू मोकळा!"

मोकळा म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. दादांच्या दोन मुली शिकत होत्या, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हातात मिठागरात तरी फावडं कोण देणार? माझा चहा कडू झाला. दादा मात्र शांतपणे म्हणाले, "चालल. बिनचूक निंगाली तर." आणि चष्मा पुसायला लागले.

*

पीडीएफ हा शब्द तेव्हा पेणमध्ये दोन माणसांना माहीत होता, एक प्रसन्न आणि दुसराही प्रसन्नच. दादांनी तो पहिल्यांदा ऐकला आणि विचारलं, "काय म्हनलास? पीडाएफ?"

"पी-डी-एफ, दादा."

"त्येच की. पीडा."

पहिली फ्लॉपी मी मोठ्या थाटात अष्टमीला नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बापूंचा फोन. बापू फोनवर बोलले की पेणला फोनची गरज नसायची, अष्टमीहून तसंही ऐकू आलं असतं.

"अण्णा! यादी इंग्रजीत का पाठवलीत?"

"इंग्रजीत? अहो, शुद्ध मराठी आहे!"

"मग वाचून दाखवतो. पहिलं नाव, कॅपिटल एक्स, कंस, डॉलर, डॉलर, स्वल्पविराम. दुसरं नाव, डॉलर, टक्के, डॉलर. मिठागरात डॉलर कधीपासून पिकायला लागले?"

झालं होतं असं, की आमचा मराठी फॉन्ट बापूंच्या कम्प्युटरवर नव्हता. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना नेसवलेलं लुगडं. लुगडं पेणला राहिलं, आतलं इंग्रजी उघडं पडलं!

प्रसन्न म्हणाला, "फॉन्ट एम्बेड करायला हवा होता. म्हणजे फाइलच्या पोटातच घालायचा."

दादांनी लाल पेन खाली ठेवलं. "म्हंजे आता फाइल पोटुशी ऱ्हानार?"

राहिली! आणि अशी राहिली, की एका फ्लॉपीवर मावेना. प्रसन्न दोन दिवस डोकं खाजवत होता. मग कळलं, पठ्ठ्याच्या प्रोग्रॅमने प्रत्येक पानाच्या पोटात एकेक अख्खा फॉन्ट घातला होता. पानं छत्तीस, फॉन्ट छत्तीस!

अण्णा ओरडले, "फाइल एवढी जड का झाली?"

दादा प्रूफातून मान वर न करता म्हणाले, "पहिलटकरीन हाय, अन्ना. आनि एकदम छत्तीस!"

*

पोरं बाहेर काढून झाली, फाइल हलकी झाली, बापूंकडे मराठी दिसू लागलं. अण्णांनी दादांकडे असं पाहिलं, जणू खुर्ची आत्ताच उचलून नेणार. दादांनी पहिल्या पानावर लाल गोल केला.

यादीचे रकाने अरुंद होते. नाव मावलं नाही की प्रोग्रॅम ते तोडून पुढच्या ओळीत टाकायचा. त्याचं काय चुकलं म्हणा! पण आमच्या फॉन्टमध्ये ग, ण, श अशी अक्षरं दोन तुकड्यांत असायची, अक्षराचा आकडा वेगळा आणि त्याचा उभा दांडा वेगळा. प्रोग्रॅमला काय ठाऊक, की हे एकच अक्षर आहे? त्याने ओळीच्या शेवटी 'ग'चा आकडा ठेवला आणि दांडा खालच्या ओळीत पाठवला. एकट्याच उभ्या दांड्याने सुरू होणारी ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

दादांनी प्रसन्नला जवळ बोलावलं. "ह्ये बघ. ह्यो आमचा गनपत. मानूस ह्या वळीत, आनि त्याची काठी खालचे वळीत. एवढा म्हातारा नाय झाला रं तो अजून."

प्रसन्न हसला नाही. तो आमच्यावर कधी हसायचाच नाही, त्याला वेळ नसायचा. त्याने प्रोग्रॅमला ताकीद दिली, दांडा आला की ओळ तोडायची नाही. ही ताकीद इतकी जबर होती, की प्रोग्रॅमने ओळ तोडणंच सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीच्या प्रिंटमध्ये एकेका गावाची सगळी नावं एकाच ओळीत! कागद संपला तरी गाव संपेना. अर्धी माणसं पानावर, अर्धी हवेत.

"बाकीची कुठे गेली?" अण्णांनी विचारलं.

"वळ सरल गेलीय ना," दादा खिडकीकडे बोट दाखवत म्हणाले, "मंग धरमतरचे खाडीत गेली असतील."

*

एक गाडीतला.

त्या आठवड्यात प्रसन्नच्या मागे रफार लागला होता. रफार बोलताना आधी येतो, लिहिताना मागाहून येतो आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मध्ये मात्रा-वेलांटी आली तर आणखी सरकतो. 'पार्वती'चा रफार कधी 'पा'वर, कधी 'ती'वर, कधी दोघांच्या मध्ये लोंबकळत! प्रसन्न रोह्यापासून खिडकीला डोकं टेकून पुटपुटत होता, "डोक्यावर येतो... येतो, पण एक घर पुढे जातो... मागे ओढला की दोनदा येतो..."

समोर एक मावशी बसल्या होत्या, पेणच्या पुढे जिते गावी लेकीकडे निघालेल्या. मांडीवर टोपली, टोपलीत सुकट. नागोठण्यापर्यंत त्यांनी सोसलं. मग मला हळूच विचारलं, "गो, कवापासून येतो?"

मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्या कामाचं विचारतायत. म्हटलं, "सोमवारपासून."

"घरात कोनाला ठाव हाय?"

"नाही हो. घरी काय सांगणार? आमचं आम्हीच निस्तरतोय."

मावशींनी टोपली बाजूला ठेवली, प्रसन्नच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाबा, आज पेनला उतरू नुको. तसाच जित्यापरत चल. आमचे जावयाचे वळखीचा भगत हाय. डोक्यावर येनारा असूं दे, नायतर खांद्यावर, एका नारलात उतरवतो!"

प्रसन्नने डोळे उघडले आणि अगदी मनापासून विचारलं, "त्यांना सी लँग्वेज येते का?"

*

यादी अकारविल्हे लावायची होती, म्हणजे कुणाचा मानापमान नको. प्रोग्रॅमने चुटकीसरशी लावून दिली. पहिल्या प्रती बघायला संस्थेचे अध्यक्ष हसुरामभाऊ स्वतः आले. पांढरं धोतर, हातात छत्री, आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. चपला बाहेर काढून, छत्री मात्र आत घेऊन खुर्चीत बसले.

त्यांनी पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. कपाळाला आठी पडली. "अण्णा, ह्ये पयले कोन बसवलेत? किसन, गिरजा, जिजाबाय, विठू, शिवराम, हिराजी... आमचे अनंताचा घर कुठं गेला? तो 'अ'वाला हाय ना?"

सगळे प्रसन्नकडे बघायला लागले. गोची अशी, की आमच्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची. प्रोग्रॅमने ती पहिलं अक्षर धरली आणि जेवढ्यांच्या नावाची सुरुवात ऱ्हस्व वेलांटीने, तेवढे सगळे एका ठिकाणी नेऊन सर्वांत पुढे बसवले.

प्रसन्नने सांगितलं, "हे ऱ्हस्व वेलांटीवाले आहेत."

हसुरामभाऊंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी छत्री जमिनीवर टेकली. "आसा? मना न सांगता वेगली संघटना काढली त्यांनी?"

त्यांना समजावण्यात माझी संध्याकाळची गाडी गेली.

*

आता पो तालुक्याचा.

एका सकाळी नवीन प्रिंट निघाली आणि दादा वाचायचे थांबले. लाल पेन हातात तसंच. मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पो तालुका'.

खाली गणपतचा झाला होता गापत, लक्ष्मणचा लक्ष्मा, आणि सगळ्या नारायणांचे नाराया. हजार नावांच्या यादीत औषधाला एक ण नव्हता. जिथे जिथे ण होता, तिथे नुसता त्याचा दांडा उभा, आणि 'पे'च्या पुढे दांडा उभा राहिला की पेणचं होतं पो.

प्रसन्नने दुपारपर्यंत शोध लावला. पीडीएफच्या भाषेत एक तिरकी रेघ असते. ती दिसली की मशीनला वाटतं, आता पुढे काहीतरी खास हुकूम आहे, आणि ती रेघ ते गिळून टाकतं. आमचा फॉन्ट बनवणाऱ्या विद्वानाने अर्धा ण नेमका त्या तिरक्या रेघेच्या जागी बसवला होता! मशीन इमाने इतबारे तालुक्यातले सगळे ण गिळत गेलं.

अण्णांना काही गंभीर वाटलं नाही. ते हसून म्हणाले, "नारायण, तुला एवढं काय लागलं? तू तरी कुठे ण म्हणतोस? जन्मभर पेनच म्हणत आलास की!"

खरं होतं. दादांच्या तोंडी ण नव्हताच. पेन, पानी, लोनी, आणि स्वतःचं नावसुद्धा नारान. आम्ही हसणार होतो. मी तर तोंड उघडलंही होतं.

दादा उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी उजवा हात वर केला, डोळे मिटले, आणि हवेतच एका ठरावीक जागी बोटं नेऊन काहीतरी उचलल्यासारखं केलं. खिळ्यांच्या पेटीत ण चा खण तिथे असायचा. तीस वर्षं असायचा.

"त्वांडात नाय माझे," ते म्हणाले, "पन हातात हाय."

अण्णा उगाचच प्रिंटरचं झाकण उघडून बघायला लागले. मला त्या दिवशी अण्णांचा मनापासून राग आला, आणि त्याहून जास्त माझा, कारण माझं तोंड अजून उघडंच होतं.

प्रसन्नने मात्र खुर्ची ओढली आणि दादांच्या शेजारी बसला. "दादा, आणखी कुठली अक्षरं अशी दगा देतील?" आणि दादा सांगत बसले. कुठल्या अक्षराला खाली पाय असतो, कुठलं शेजाऱ्याच्या अंगावर रेलतं, कुठल्या दोघांना जवळ बसवलं की भांडतात. प्रसन्न लिहून घेत होता. चार दिवसांत प्रोग्रॅम असा सुधारला, की दादांचं लाल पेन सुकायला लागलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची खुर्ची मोडत होता! जेवणाच्या सुट्टीत अण्णा घरी गेले तेव्हा मी दादांना म्हटलं, "दादा, एखादी चूक राहू द्या ना. एकच. कुठेतरी आत. कोण बघतंय?"

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा लावला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी माझी आईसुद्धा कधी बघत नाही.

"मानसांची नावा हायेत गो ती," ते म्हणाले. "उभ्या जन्मात एकदाच छापून येनार. त्यात चूक ठेवू?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

*

एवढं सगळं होऊन शेवटची प्रिंट निघाली. छत्तीस पानं. दादांनी ती तीनदा वाचली. एकदा सरळ, एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि एकदा प्रत्येक नाव मोठ्याने, गावागावातल्या माणसाला हाक मारल्यासारखं. मग पेनाचं टोपण लावलं.

"अन्ना, एक पन चूक नाय."

अण्णांनी टाळीच वाजवली. "बघा! म्हणालो होतो की नाही? आतलं सगळं मशीनने केलं. आता नारायण, तू आतलं वाचलंस, तुझं काम झालं. कव्हर मी स्वतः करणार!"

कव्हर त्यांनी प्रोग्रॅमवर सोडलं नाही. त्यांना माउस चालवायला यायला लागला होता, आणि नवशिक्याच्या हातात माउस म्हणजे नव्या जावयाच्या हातात सासऱ्याची स्कूटर. दोन दिवस खपून त्यांनी कव्हर केलं. वर भलीमोठी अक्षरं, 'सुवर्ण महोत्सव'. त्याखाली पिवळी पट्टी, पट्टीत संस्थेचं नाव. झालं होतं छान. मग त्यांच्या लक्षात आलं, की खाली 'मांडणी व संयोजन: दामूअण्णा' यायला जागा उरली नाही. तेव्हा त्यांनी पिवळी पट्टी जरा वर सरकवली. जराशीच.

कव्हरची प्रिंट तीन दिवस टेबलावर पडून होती, दादांच्या अगदी पुढ्यात. त्यावर ते चष्मा ठेवायचे.

मी फ्लॉपी अष्टमीला दिली. बापूंनी छापलं, शिवलं, गठ्ठे बांधून टेम्पोने थेट कार्यक्रमाला पाठवलं.

कार्यक्रम खाडीकाठच्या शाळेच्या पटांगणात. मांडव, लाउडस्पीकर, पुढे सतरंजीवर म्हातारी माणसं, मागे बायका. आम्ही चौघंही गेलो होतो. अण्णा नवीन सदऱ्यात, व्यासपीठावर. पुस्तिका वाटल्या गेल्या आणि जो तो आपलं नाव शोधायला लागला. ज्यांना वाचता येत नव्हतं ते शेजाऱ्याला विचारत होते, आणि सापडलं की त्यावर बोट ठेवून बसत होते. ते बघून खरं सांगते, मला भरून आलं. गापत नाही, लक्ष्मा नाही, प्रत्येकाचा ण ज्याच्या त्याच्या जागी. मी दादांकडे पाहिलं. ते शेवटच्या रांगेत, एका खांबाला टेकून, लोकांची बोटं बघत होते. उद्या ह्या माणसाला खुर्ची नसणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सूत्रसंचालनाला शाळेचे गुरुजी होते. शिस्तीचे. छापलंय तेच वाचणारे. त्यांनी पुस्तिका डोळ्यांसमोर धरली आणि माइकमध्ये खणखणीत आवाजात वाचलं,

"मिठागर कामगार संस्थेच्या सवर्ण महोत्सवात आपल्या सर्वांचं स्वागत असो!"

गुरुजींनी स्वतःच चमकून पुस्तिका जवळ नेली, लांब नेली. सगळ्या मांडवाने एकाच वेळी पुस्तिका उलटून कव्हर पाहिलं. पिवळ्या पट्टीखाली 'सु'चा उकार पार गाडला गेला होता. वर दिमाखात उभं होतं, 'सवर्ण महोत्सव'!

अण्णांचा चेहरा पट्टीपेक्षा पिवळा पडला. ते उठले, खिशातून पेन काढलं. "हसुरामभाऊ, क्षमा करा, एकेका प्रतीवर आत्ता हाताने उकार काढून देतो..."

हसुरामभाऊंनी त्यांना हाताने बसवलं आणि गुरुजींकडून माइक घेतला.

"उकाराला हात लावाचा नाय!" ते गरजले. "पन्नास वर्सां आमी मिठात उभं ऱ्हायलो, तरी जमला नाय. ता अण्णांनी कम्प्युटरवर एका दिसात करून दाखवला. हाय तसा ऱ्हवं दे!"

मांडव असा हसला, की स्पीकर शिट्टी मारायला लागला. एक आजी पदराने डोळे पुसत होत्या. प्रसन्न मला विचारत होता, "कव्हर माझ्या प्रोग्रॅमने नव्हतं ना केलं?" आणि ते त्याने चारदा विचारलं.

परतताना टेम्पोत अण्णा ड्रायव्हरच्या शेजारी, आम्ही मागे. पेणचा फाटा आल्यावर त्यांच्याने राहवेना. मागे वळून म्हणाले, "नारायण, तीन दिवस ते कव्हर तुझ्या नाकापुढे होतं. तुला तो उकार दिसला नाही?"

"कव्हर तुमी सोता केलाव ना, अन्ना," दादा म्हणाले. "मना आतला वाचाला सांगितला व्हता."

अण्णा पुढे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा अण्णा आधीच आले होते. दादा दाराशी चपला काढत होते, आत यावं की नाही अशा बेताने. खुर्ची होती तिथेच होती. अण्णा कपाटाकडे गेले, एका लग्नपत्रिकेचं प्रूफ काढलं, दादांच्या टेबलावर ठेवलं, शेजारी लाल पेनाची नवी कांडी ठेवली, आणि एक अक्षर न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसले.

दादा आले, बसले. दोरा सोडून चष्मा डोळ्यांना लावला. पत्रिका हातात घेतली, उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"अन्ना," त्यांनी विचारलं, "आतला वाचू, का वरचा पन?"